अंड्यात जीव हाय का न्हाई

करडवाडीत कोंबड्या वाटायला सरकारी जीप आली, तेव्हा गावानं आधी जीपच बघितली. उस्मानाबाद जिल्हा फुटून लातूर वेगळं झाल्याला दोन वर्षं झाली होती, आणि नव्या साहेबांना नवं काहीतरी करून दाखवायची घाई होती. पाऊस काही त्यांच्या हातात नव्हता. तो सलग दुसऱ्या साली तोंड फिरवून गेलेला. मग काय, कोंबड्या! पांढऱ्याफेक, लाल तुऱ्याच्या, घरटी दहा. ग्रामसेवक चावडीसमोर नावं पुकारू लागला तशा बायका एकेक पाऊल मागं सरकू लागल्या. "ह्या इलायती हायत बाई, ह्यांला रोज सफरचंद लागत असंल," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. हसली नाही ती एकटी शिवकांता. ती खुराड्यात वाकून बघत होती, आणि नाव पुकारलेलं नसताना तिनं हात वर केला.

आता हे काही साधंसुधं नव्हतं. शिवकांता लिंगायताच्या घरची सून. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. त्या घरात मांसमच्छी तर सोडाच, अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नव्हतं. ग्रामसेवकाची लेखणी थांबली. "बाई, तुमी? तुमच्या सासूबाई मला जित्ता ठिवतील का?" पण त्याला आकडा पुरा करायचा होता आणि जीपवाला हॉर्न वाजवत होता. नाव लिहिलं गेलं.

खरं सांगायचं तर शिवकांताची ही खोड जुनी. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं ती मागच्या भिंतीवरून नागुबाईच्या कोंबड्या बघत आलेली. भिंतीपलीकडं बौद्धवाडा आणि त्यातलं पहिलंच घर नागुबाईचं. कोंबडी एका पायावर उभी राहून झोपते ती पडत कशी नाही? पाणी पिताना दर घोटाला मान वर का करते? अंडं बाहेर येतं तेव्हा मऊ असतं का टणक? असले प्रश्न तिला पडायचे आणि पडले की सुटायचे नाहीत. विचारावं तर कुणाला? नवरा अण्णाराव भला माणूस, पण त्याचं जग बैलापासून सुरू होऊन बैलापाशीच संपायचं. मूलबाळ झालं नाही. नागुबाईला विचारलं तर ती म्हणायची, "घरात कोंबडी आसली की कळतंय बाई. भितीवरून काय कळणार?"

सासूबाई कमलम्मा बिदरकडची. तिनं ओसरीवरून दहा पांढऱ्या कोंबड्या दारात बघितल्या आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "अय्यो शिवा! शिवकांता, डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"अत्या, सरकारनं दिल्या. न्हाई कसं म्हणायचं?" शिवकांता धडधडीत खोटं बोलली. तेवढं एकच.

कमलम्मा तासभर बोलली. मग दमली आणि अटी घातल्या. कोंबड्या परसात राहतील, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाहीत. अंडं घरात यायचं नाही. आणि ह्या घरात कुठल्या जिवाला मारायचं नाही. शिवकांता सगळ्याला हाव म्हणाली. अण्णाराव बैल घेऊन निलंग्याच्या बाजूला चाऱ्याच्या छावणीत गेलेला, म्हणून गोठा रिकामाच होता.

नागुबाईनं भिंतीवरून पहिला धडा दिला. "नवी कोंबडी आनली की जात्याभवती तीनदा फिरवायची. म्हंजे घर इसरत न्हाई." पण जातं होतं घरात, आणि उंबरा तर ओलांडायचा नाही! शिवकांतानं बराच विचार केला आणि एकेक कोंबडी काखेत धरून बैल बांधायच्या खुंट्याभोवती फिरवली. दहा कोंबड्या, तीस फेरे. ओसरीवर कमलम्मा कपाळ बडवत होती. संध्याकाळी त्या दहाच्या दहा गव्हाणीत चढून बैलांच्या जागेवर ओळीनं बसल्या, तेव्हा मात्र शिवकांता एकटीच हसत सुटली. गोठ्यात कितीतरी दिवसांनी श्वासाचा आवाज होता.

महिन्याभरात अंडी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात शिवकांतानं वीस वर्षांचा एक प्रश्न सोडवला. कोंबडी टोपलीत बसून डोळे ताणायला लागली तशी तिनं खाली हात धरला. अंडं पडलं ते टणक, कढत आणि ओलं. आणि बघता बघता हातातच वाळून कोरडं झालं. ती तशीच्या तशी भिंतीकडं पळाली. "नागुबाई, टणकच असतंय!" नागुबाई म्हणाली, "मग? तुला काय वाटलं, पिठाच्या गोळ्यावानी येतंय?" पण हसता हसता तिलाही कौतुक वाटलं. तिनं आजवर कधी हात धरून बघितला नव्हता.

अंडी नागुबाई निलंग्याच्या बाजाराला न्यायची आणि येताना कोंबड्यांसाठी मक्याची कणी आणायची. दोघी दिवसभर पाझर तलावाच्या कामावर माती उचलायच्या. सकाळी जायचं, दिवस मावळायला यायचं. आल्या आल्या शिवकांता हातपाय न धुता (धुवायला होतं तरी कुठं पाणी!) परसात जायची आणि कोंबड्यांनी दिवसभर काय केलं ते खुणांवरून ओळखायचा प्रयत्न करायची. इथं माती उकरली, इथं लोळल्या, इथं दोघींचं वाजलं. हे दहा जीव तिचे होते. बैल अण्णारावाचे, घर सासूचं, शेत आभाळाच्या भरवशावर. कोंबड्या तेवढ्या तिच्या होत्या, आणि त्या गेल्या तर आपल्याला वेड लागेल असं तिला खरोखरच वाटायचं.

आणि नेमकी तिथंच कमलम्माच्या मनात पाल चुकचुकली. एका सोमवारी पूजा आटोपून तिनं विषय काढला. "कुठल्या जिवाला मारायचं न्हाई म्हणले होते मी. आन् ही अंडी जातात बाजारात, लोक फोडून खातात. अंडं म्हंजे जीवच की. आपण रोज जीव इकून राहिलो."

हा प्रश्न शिवकांतालाही पडला होता, पण तिनं तो दाबून ठेवलेला. योगायोगानं त्याच आठवड्यात ढोरांचा डॉक्टर कोंबड्या तपासायला आला. तिनं त्याला विचारलं. डॉक्टर म्हणाला, "बाई, तुमच्याकडं कोंबडा आहे का? नाही ना? मग ही अंडी फोल. ह्यात जीव नसतो. दूधच समजा."

शिवकांता नाचतच ओसरीवर आली. कमलम्मानं सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर अंडं खातोय का?"

"खात आसंल."

"मग खाणारा दुसरं काय म्हणणार?"

शिवकांता चिडली. "मग कसं कळणार अत्या? तुमीच सांगा."

म्हातारी काही कमी नव्हती. "बसव एका खुडूक कोंबडीखाली. एकवीस दिस. एकबी पिल्लू निघालं, तर जीव होता. मग पिल्लासकट सगळ्या कोंबड्या भितीपल्याड, नागुबाईच्या घरला. आन् न्हाई निघालं तर मी पुन्यांदा तोंड उघडणार न्हाई. लिंगाची आण."

शिवकांताला ते पटलं. एवढंच नाही, तिला आतून उकळी फुटली, कारण बघायला मिळणार होतं. तिच्या पांढऱ्या कोंबड्या काही अंडी उबवायला खुडूक बसत नव्हत्या. त्यांना त्याचं वावडंच होतं. पण नागुबाईची ठिपकी चार दिवस पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली.

"एरवी पान्यात दोनदा बुचकळली की उतरतंय खुडूकपन," नागुबाई म्हणाली. "औंदा माणसाला प्यायला न्हाई, हिला कुठलं न्हाण? घिऊन जा. पर बाई, फोल अंड्यावर बसवायचं म्हंजे... एकवीस दिस बसंल बिचारी, आन् शेवटाला काय?"

हे ऐकून शिवकांताला वाईट वाटलं, पण ती मागं फिरली नाही. टोपलीत अण्णारावाचं जुनं धोतर घातलं आणि अंडी ठेवली. नऊ. अंडी समसंख्येनं ठेवायची नाहीत, हा नागुबाईचा दुसरा धडा. ठिपकी त्यांच्यावर अशी पसरली की जणू तिचीच होती. जगातल्या सगळ्या बाया कोंबडी बसवून पिल्लं निघू देत म्हणतात. शिवकांता रोज हात जोडून म्हणायची, काही निघू देऊ नको रे बाबा.

आठव्या दिवशी बाजार होता, कामाला सुट्टी. नागुबाईनं सांगितलं होतं की उन्हासमोर अंडं धरलं की आतलं दिसतं. गोठ्याच्या दाराच्या फळीत एक गाठ गळून पडलेली, तिथं रुपयाएवढं भोक होतं. दुपारी शिवकांतानं दार लावून घेतलं. आत मिट्ट काळोख आणि त्या भोकातून उन्हाचा एक दांडा. तिनं ठिपकीखालचं पहिलं अंडं काढलं. ठिपकीनं तिच्या मनगटाला दोनदा टोचलं. अंडं भोकावर धरलं तर ते पिवळंधमक उजळलं. आत काही नाही. स्वच्छ. "डॉक्टर, तुमचं भलं होवो," ती पुटपुटली.

दुसरं अंडं धरलं. आत लाल बारीक शिरा पसरलेल्या, वाळलेल्या पिंपळपानाला असतात तशा. मधोमध एक काळा ठिपका. ती बघत राहिली. ठिपका हलला. तिनं डोळे चोळले, पुन्हा बघितलं. पुन्हा हलला. किती वेळ ती तशीच उभी होती कोण जाणे. कोंबड्या जातील, अट आहे, सासू आहे, हे काही म्हणजे काही तिच्या डोक्यात नव्हतं. टरफलाच्या आत कुणीतरी होतं आणि ते तिला दिसत होतं. ठिपकी ओरडली तशी ती भानावर आली. उरलेली अंडी बघितली. नवातली सहा तशीच.

जीव होता. म्हणजे म्हातारीचं खरं. पण मग डॉक्टरचं? कोंबडा तर तिच्याकडं नव्हता. हे तिच्या डोक्यात बसेना. दुसऱ्या दिवशी ती कामाच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरली आणि कमलम्माला न सांगता गोठ्यात फळीच्या भोकाला डोळा लावून बसली.

ऊन डोक्यावर आलं. मागच्या फाटकाबाहेर एक कोंबडा आरवला. तांबडा, शेपटीला काळी झाक, नागुबाईचा. तो एकदा आरवला, दोनदा आरवला. आणि घराचं मागचं दार उघडून बाहेर कोण आलं? कमलम्मा! ओच्यात मूठभर ज्वारी घेऊन. "आला का रे? आज उशीर केलास," म्हणत तिनं फाटकाची कडी काढली. कोंबडा साहेबासारखा आत शिरला. म्हातारी पायरीवर बसली आणि एकेक दाणा टाकत त्याच्याशी बोलू लागली. अण्णाचं पत्र आलं नाही. गुडघा फार दुखतो. आपल्या माहेरी विहिरीला बारा महिने पाणी असायचं. कोंबडा मान वाकडी करून ऐकत होता. मग ज्वारी संपली आणि तो पांढऱ्या कोंबड्यांकडं वळला. कमलम्मानं तिकडं पाठ केली आणि जपाची माळ काढली.

शिवकांताला हसू आलं, आणि मग रडू आलं. ही बाई दिवसभर इतकी एकटी असते हे तिला कधी कळलंच नव्हतं.

संध्याकाळी तिनं भिंतीपाशी नागुबाईला सगळं सांगितलं. नागुबाई पोट धरून हसली. "माजा तुरेवाला! मी दिसभर तळ्यावर, तो कुठं उंडारून राहिलाय मला काय ठावं! बरं झालं की बाई. सांग म्हातारीच्या तोंडावर. म्हण, तुमीच दार उघडलं!"

"न्हाई."

"कामून न्हाई? कोंबड्या राहतील तुझ्या."

"तिला कळलं तर ती अन्न सोडंल, नागुबाई. आपल्या हातून जीव गेले म्हणून झुरत बसंल. आन् तो एकच येतोय तिच्याशी बोलायला. त्योबी बंद करू?"

नागुबाईचं हसू ओसरलं. "मग आसं कर. पिल्लं निघाली की मी गुपचूप घिऊन जाते. फोल निघाली म्हण. कुनाला कळतंय?"

शिवकांता दोन दिवस ह्याच्यावर विचार करत राहिली. मातीच्या पाट्या उचलताना, भाकरी थापताना. सोपं होतं की! कोंबड्या राहिल्या असत्या, सासूही सुखात राहिली असती. तिसऱ्या दिवशी ती नागुबाईला म्हणाली, "न्हाई जमणार. मी इच्यारलं म्हणून कळलं. आता कळलेलं झाकून ठिवू? मग इच्यारलं कशाला?"

"येडी हायस," नागुबाई म्हणाली, पण रागानं नाही.

राहिलेले दिवस शिवकांतानं एकेक कोंबडी डोळ्यांत साठवून घेतली. तिनं त्यांना नावं ठेवली नव्हती, आता ठेवली. ठिपकी दिवसातून एकदाच उठायची, चार दाणे खायची, घोटभर पाणी प्यायची आणि पळत येऊन बसायची. शिवकांता आपल्या वाटणीतला अर्धा पेला तिच्यापुढं ठेवायची.

एकविसाव्या दिवशी सकाळीच टोपलीतून चिवचिव आली. नागुबाईही कामावर न जाता फाटकातून आत आली. पहिलं पिल्लू निघालं ते ओलंगिच्च, मान टाकलेलं, कुरूप म्हणावं असं. घटकाभरात ते वाळून फुललं आणि पायावर उभं राहिलं. अंगानं पिवळं आणि डोक्यावर तांबडी झाक. शिवकांतानं ते बघितलं, पोटभर बघितलं. मग पदर नीट केला आणि ओसरीवर गेली.

कमलम्मा ज्वारी निवडत होती.

"अत्या, निघालं. जीव होता. तुमचं खरं होतं." तिनं परसाकडं हात केला. "दुपारपातूर नागुबाई कोंबड्या घिऊन जाईल."

जिंकल्याचा आनंद कमलम्माच्या तोंडावर दिसेना. सुपातले खडे ती एकीकडं सारत राहिली. "डॉक्टर काय म्हणला होता गं? पुन्यांदा सांग."

"जाऊ द्या ते अत्या."

"सांग म्हणतेय ना!"

"कोंबडा नसंल तर अंड्यात जीव नसतो, म्हणला."

म्हातारीचा हात सुपातच थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तांबडा हाय. शेपटीला काळं. दुपारी फाटकाशी येऊन ओरडतोय. मीच दार उघडते."

शिवकांता खाली बघत राहिली.

"तू कामावर. अण्णा छावणीत. बैल न्हाईत, शेजारीण न्हाई. सकाळधरनं कुनी म्हंजे कुनी बोलत न्हाई माझ्याशी. त्यो येतोय. मला वाटलं दाण्यासाठी येतोय बिचारा." तिनं डोळ्याला पदर लावला. मग एकदम मान वर केली. "तुला ठावं होतं!"

"हाव."

"कवापासून?"

"नवव्या दिसापासून."

"आन् बोलली न्हाईस? कोंबड्या जाऊन राहिल्या तरी?"

"तुमाला वाईट वाटलं असतं," एवढंच शिवकांता म्हणाली.

कमलम्मानं सूप बाजूला सारलं. "शब्द माझा, आन् दार उघडलं तेबी मीच. मग कोंबड्या तुझ्या कामून जातील? कुठं जात न्हाईत त्या. जे जीव गेले त्यांची शिक्षा मी भोगीन, तू न्हाई. त्या मेल्याला आता फाटकाबाहेर बसूनच दाणे टाकीन." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं शिवकांताच्या खांद्याचा आधार घेतला. "चल. दाखव मला."

कोंबड्या आल्यापासून कमलम्मा पहिल्यांदाच गोठ्यात आली. तिला बघून नागुबाई लगबगीनं उठली आणि फाटकाकडं निघाली. इतक्या वर्षांत दोघी एका छपराखाली बसलेल्या नव्हत्या.

"कुठं निघालीस?" कमलम्मा म्हणाली. "बस हितं माझ्यापाशी. तू गेलीस तर आमाला काय कळणार ह्यातलं?"

नागुबाईनं शिवकांताकडं बघितलं, आणि बसली. कमलम्माही तिच्या शेजारी मातीत बसली. ठिपकीच्या पंखाखालून दोन पिल्लं डोकावत होती. शिवकांतानं हळूच एक अंडं काढलं. त्याला केसाएवढी चीर गेलेली. सासूकडं बघत ती हात पुढं करून थांबली. कमलम्मानं आपले दोन्ही तळहात जोडून पसरले. अंडं हातात आलं तशी ती दचकली. "किती कढत हाय गं!" मग तिनं ते कानाशी नेलं.

आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "अय्यो... आतनं बोलून राहिलंय."

"हाव. बाहेर यायचं म्हणतंय," नागुबाई म्हणाली.

कमलम्मानं अंडं कानाशी दाबून धरलं. पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी, पण डोळे लहान पोरीसारखे झालेले. "ह्ये आतनं फोडतंय का गं? का आई बाहेरनं टोचतीय?"

नागुबाई सांगायला पुढं वाकली. कमलम्मानं तिच्या हातावर हात ठेवला.

"सांगू नगंस," ती म्हणाली. "बघू दे मला."